कर्णनादाचा उपचार माणसागणिक बेतताना: कोणते मोजमाप कशासाठी

बहुतेक कर्णनाद (टिनिटस) ज्याचा त्यालाच ऐकू येतो. ती शिट्टी, ते रातकिडे किंवा ती घूं घूं थेट मोजणारे यंत्र दवाखान्यात नाही. टिंपॅनोमेट्री (हवेचा दाब बदलून पडद्याची हालचाल मोजणे), ओएई (आतल्या कानातून परत येणारा बारीक आवाज), एबीआर (आवाजाला श्रवणमज्जातंतू आणि मेंदूच्या खोडाने दिलेला विद्युत प्रतिसाद, लाटांच्या आलेखात) आणि रिअल इअर मेजरमेंट (पडद्यापाशी प्रत्यक्ष पोहोचणारा आवाज बारीक नळीने मोजणे) ही मोजमापे कानाबद्दल सांगतात, नादाबद्दल नाही. तरीही कोणाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायचे, श्रवणयंत्र द्यायचे का, दिले तर पडद्यापाशी नेमका किती आवाज पोहोचवायचा, हे त्यांच्याशिवाय अंदाजपंचे ठरते.

चाचणी लावण्याआधी एवढाच हिशोब करा: निकाल असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय? दोन्हींचे उत्तर एकच असेल तर ती चाचणी करू नका. कर्णनादाच्या रुग्णावर अनावश्यक चाचण्यांचा भार फक्त वेळेचा नसतो. त्यातल्या काही चाचण्या मोठ्या आवाजाच्या असतात आणि त्यांनी नाद वाढू शकतो.

यंत्राला हात लावण्याआधी

रुग्णाला वेळ देतानाच सांगा की तपासणीच्या आधी निदान १४ तास मोठ्या आवाजात राहू नका. गोंगाटातून आलेल्या माणसाचा ऐकण्याचा उंबरठा तात्पुरता वर गेलेला असतो आणि ओएईही दबलेले मिळतात. त्या आकड्यांवर बेतलेले श्रवणयंत्र आठवड्याभरात जास्त मोठे वाटू लागते.

गेल्या काही दिवसांत एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले असेल तर पुढचे सगळे बाजूला ठेवा. त्याच दिवशी ऑडिओग्राम (कोणत्या कंप्रतेचा किती हळू आवाज ऐकू येतो त्याचा आलेख) काढा आणि रुग्णाला तज्ज्ञाकडे पोहोचवा. स्टिरॉइडचा फायदा मिळण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत असते आणि त्यातही जितके लवकर तितके बरे. नाडीच्या ठोक्याबरोबर वाजणारा नाद, फक्त एकाच कानातला नाद, सोबत चक्कर किंवा चेहऱ्याची कमजोरी, यांनाही साउंड थेरपीच्या (हळू आवाज ऐकवून नाद कमी जाणवू देण्याच्या) रांगेत उभे करायचे नाही. आणि या आवाजापेक्षा मरण बरे असे कोणी बोलले, तर त्या दिवशीचे काम कानाचे नाही. मानसोपचारतज्ज्ञाशी लगेच गाठ घालून द्या, रुग्णाला एकटे घरी पाठवू नका.

प्रतीक्षा करतानाच एक प्रश्नावली भरून घ्या. टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरीत २५ प्रश्न आणि ० ते १०० गुण असतात. १६ पर्यंत नगण्य, १८ ते ३६ सौम्य, ३८ ते ५६ मध्यम, ५८ ते ७६ तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. उपचार किती गहन हवा हे याच आकड्यावर ठरते. कानाची मोजमापे उपचाराचा प्रकार आणि मात्रा ठरवतात. ही दोन कामे एकमेकांत मिसळली की ७० गुणांच्या माणसाला नुसते यंत्र देऊन पाठवले जाते आणि १२ गुणांच्या माणसाच्या गळ्यात महागडी थेरपी मारली जाते.

मग ऑटोस्कोपी, म्हणजे दिव्याने कानात बघणे. मळ असेल तर आधी काढा. पडद्याला टेकलेला मळ स्वतःच नादाचे कारण असू शकतो. शिवाय प्रोबचे (कानात बसवायच्या चाचणीच्या टोकाचे) भोक बुजले की टिंपॅनोग्राम सपाट येतो आणि ओएई गायब होतात. मळ सक्शनने काढला असेल तर त्याचाही आवाज मोठा असतो, तेव्हा ओएई त्याच बैठकीत घेण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी घेतलेले बरे.

ऑडिओग्राम, वेगळ्या काळजीने

ऑडिओग्राम रुग्णाच्या उत्तरावर चालतो, त्यामुळे तो वस्तुनिष्ठ चाचण्यांत मोडत नाही. पण बाकी सगळी मोजमापे त्याच्यावरच बसवायची असतात. कर्णनाद असलेल्याला सलग शुद्ध स्वर दिला तर तो स्वर आणि आपला नाद यांत गफलत करतो, खोटे होकार वाढतात. पल्स्ड (तुटक) किंवा वॉर्बल (थरथरता) स्वर वापरा. ३००० आणि ६००० हर्ट्झ वगळू नका, कारण आवाजाने झालेली इजा नेमकी तिथे दिसते. ८००० पर्यंत सगळे सामान्य असेल आणि नाद बारीक, उंच असेल तर सोय असल्यास १६००० हर्ट्झपर्यंत जा.

लगेचच असह्य वाटणारी पातळी मोजा: ५०० ते ४००० हर्ट्झ, खालून वर ५ डेसिबलच्या पायरीने. "त्रास व्हायला लागला की सांगा" असे म्हणा. "किती सहन होते ते पाहू" असे म्हणू नका. पुढच्या प्रत्येक मोठ्या आवाजाच्या चाचणीची कमाल मर्यादा हीच. ती ८० ते ८५ डेसिबलच्या आसपास किंवा खाली आली तर आवाजाची असहनशीलता धरून चला. मग रिफ्लेक्स चाचणी (मोठ्या आवाजाने मधल्या कानातला स्नायू आकुंचतो का ते पाहणारी) वगळायची आणि साउंड थेरपी अगदी हळू आवाजापासून सुरू करायची.

टिंपॅनोमेट्री: मधला कान आधी का

मधल्या कानात बिघाड असेल तर त्यानंतरची दोन मोजमापे बिघडतात. ओएईचा आवाज पडद्यातूनच आत जातो आणि पडद्यातूनच परत येतो. साधा ऋण दाबही त्याला दाबून टाकतो, आणि मग आतल्या कानातल्या निरोगी केसपेशींवर इजेचा ठपका बसतो. म्हणून क्रम बदलू नका.

प्रौढांसाठी २२६ हर्ट्झचा प्रोब. शिखर साधारण उणे १०० ते अधिक ५० डेकापास्कलच्या मध्ये, कानाच्या नळीचे आकारमान साधारण ०.६ ते १.५ मिलिलिटर, कधी २ पर्यंत. सपाट आलेख आला की लगेच आकारमानाकडे बघा. ते नेहमीएवढे असेल तर पडद्यामागे द्रव; खूप जास्त असेल तर पडद्याला भोक; खूप कमी असेल तर मळ किंवा प्रोब नळीच्या भिंतीला टेकलेला. तिसऱ्या प्रकारात रुग्णाला काहीच झालेले नसते, फक्त टिप बदलून पुन्हा घ्यायचे असते.

वाहक श्रवणदोष असलेल्याला बाहेरचे आवाज कमी पोहोचतात, म्हणून आतला नाद जास्त जाणवतो. अशा वेळी द्रव उतरला किंवा पडद्याची दुरुस्ती झाली की नाद पुष्कळदा मागे सरतो. साउंड जनरेटर (साउंड थेरपीचा हळू आवाज देणारे यंत्र) लावून हे लपवू नये.

टिंपॅनोमीटरचा आणखी एक उपयोग फारसा केला जात नाही, आणि तो वाया जाणे हे नुकसानच आहे. प्रोब शिखराच्या दाबावर थांबवा, रिफ्लेक्स डिके (सलग स्वरात रिफ्लेक्स टिकतो का ते पाहणारा) मोड लावा, उत्तेजक स्वर बंद ठेवा आणि १० ते १५ सेकंद नुसती रेषा लिहू द्या. रुग्णाने गिळायचे नाही, बोलायचे नाही. रेषा नाडीच्या ठोक्याबरोबर हलली तर कारण रक्तवाहिन्यांशी निगडित असू शकते, तज्ज्ञाकडे पाठवा. आता रुग्णाला नाकाने खोल श्वास घेऊ द्या, मग श्वास रोखायला सांगा. रेषा श्वासाबरोबर वरखाली होते आणि रोखल्यावर थांबते, तर युस्टेशियन नळी उघडी राहत असावी. अनियमित, झटक्यासारखी उडी आणि त्याच क्षणी "आता टकटक झाली" असे रुग्णाने सांगितले, तर मधल्या कानातल्या स्नायूचे आकुंचन. हे तिन्ही कर्णनाद आहेत, पण तिघांचा उपचार वेगळा आणि तिघांनाही व्हाइट नॉइज हे उत्तर नाही.

रिफ्लेक्स घ्यायचे असतील तर ५००, १००० आणि २००० हर्ट्झवर, हळू आवाजापासून वर, असह्य पातळीच्या खाली थांबून. निरोगी कानात ते साधारण ७० ते १०० डेसिबलच्या मध्ये उमटतात. खरा उपयोग एका पेचात होतो: हवेतून आणि हाडातून ऐकण्यात फरक आहे, टिंपॅनोग्राम ठीक आहे. रिफ्लेक्स नसतील तर ओटोस्क्लेरोसिसचा (मधल्या कानातले हाड घट्ट होण्याचा) संशय घ्या. रिफ्लेक्स असतील तर मधला कान दोषी नाही; वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेला भोक पडले असण्याची शक्यता बघा, विशेषतः रुग्णाला स्वतःचा आवाज, नाडी किंवा डोळे फिरवल्याचा आवाजही कानात येत असेल तर. पहिल्या प्रकारातली शस्त्रक्रिया दुसऱ्या प्रकारात केली तर फायदा होत नाही, इतके हे महत्त्वाचे.

रिफ्लेक्स डिके मात्र नेहमीच्या यादीत ठेवू नका. रिफ्लेक्सच्या उंबरठ्यावर १० डेसिबल चढवून सलग १० सेकंद स्वर द्यावा लागतो. अरुंद नळीच्या कानात पडद्यापाशी प्रत्यक्ष पातळी डायलवरच्या आकड्यापेक्षाही जास्त होते. या चाचणीनंतर ऐकणे कमी झाल्याच्या आणि कर्णनाद वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मज्जातंतूचा संशय असेल तर एमआरआय जास्त सांगतो आणि कानावर अशी जोखीमही आणत नाही.

ओएई: समजावण्यासाठी सोन्यासारखे, उपचार ठरवण्यासाठी बेताचे

आतल्या कानातल्या बाह्य केसपेशी स्वतः आवाज परत पाठवतात हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले. कर्णनादासाठी डिस्टॉर्शन प्रॉडक्ट प्रकार सोयीचा, कारण तो कंप्रतेनुसार तपशील देतो. दोन स्वरांचे गुणोत्तर १.२२, पातळ्या ६५ आणि ५५ डेसिबल, १००० ते ८००० हर्ट्झ, आणि दर सप्तकाला निदान ४, जमल्यास ८ बिंदू. बिंदू विरळ ठेवले तर अरुंद खड्डा दोन बिंदूंच्या मधून निसटतो. गोंगाटाच्या तळापेक्षा ६ डेसिबल वर असलेला प्रतिसादच खरा धरा.

सगळ्यात जास्त चुका १५०० हर्ट्झच्या खाली होतात. तिथे प्रतिसाद नाही असे दिसले तर आधी गोंगाटाची रेषा बघा. ती वर असेल तर रुग्णाचा श्वास, गिळणे किंवा सैल टिप हे कारण असते. प्रोब काढून पुन्हा बसवा आणि दोनदा घ्या. दोन्ही आलेख जुळले तरच विश्वास ठेवा.

ऑडिओग्राम सरळ आहे पण ओएई ४००० ते ६००० हर्ट्झमध्ये खचले आहेत आणि नादही त्याच भागात आहे, हे चित्र वारंवार दिसते. याने उपचाराचे यंत्र बदलत नाही, पण दोन गोष्टी बदलतात. "सगळे नॉर्मल आहे, काही झालेले नाही" हे वाक्य ऐकून वैतागलेल्या माणसाला आलेख दाखवून कारण सांगता येते. आणि आवाजापासून संरक्षणाचा सल्ला कडक होतो. यापलीकडे ओएईवरून साउंड थेरपीचा पट्टा कापून देण्याचे दावे केले जातात, त्यांवर फार भिस्त ठेवू नका. सामान्य ओएई असूनही तीव्र कर्णनाद असतो आणि ओएई शून्य असूनही नाद नसतो.

एबीआर कोणाला

एका कानातला नाद किंवा दोन कानांच्या उंबरठ्यात लगतच्या दोन कंप्रतांवर १५ डेसिबलहून जास्त फरक, इथेच. पहिल्या ते पाचव्या लाटेचे अंतर साधारण ४ मिलिसेकंद असते. दोन कानांच्या पाचव्या लाटेत ०.४ मिलिसेकंदाहून जास्त फरक पडला तर संशय घ्या. पण १ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ एबीआरमधून निसटू शकते, म्हणून एमआरआय शक्य असेल तर थेट तोच. अमेरिकन अकॅडमी ऑफ ओटोलॅरिंगॉलॉजीची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे इमेजिंग फक्त एका बाजूचा नाद, नाडीसारखा नाद, मज्जासंस्थेची लक्षणे किंवा असमान श्रवण यांच्यापुरते ठेवा असे सांगतात. ती मर्यादा योग्यच आहे.

पहिल्या लाटेची उंची मोजून "लपलेला श्रवणदोष" (ऑडिओग्रामवर न दिसणारा) पकडू पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. शेट आणि मॅकआल्पाइन यांनी २०११ मध्ये सामान्य ऑडिओग्राम असलेल्या कर्णनादाच्या गटात ही लाट लहान असल्याचे दाखवले. तो गटांमधला फरक होता. एका माणसात ही उंची इलेक्ट्रोडची जागा, वय, लिंग आणि डोक्याच्या आकारानुसार इतकी बदलते की त्यावर एखाद्याचा उपचार बेतता येत नाही.

रिअल इअर: खरी बेतणी इथे होते

वरच्या चाचण्या दिशा दाखवतात. मात्रा मात्र हे मोजमाप देते. श्रवणयंत्राच्या संगणकावर दिसणारा आकडा हा सरासरी कानाचा अंदाज असतो. पडद्यासमोरची पोकळी निम्मी झाली तर तोच आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. उलट, उघड्या डोममधून (श्रवणयंत्राच्या टोकाच्या भोके असलेल्या मऊ टोपीतून) साधारण १००० हर्ट्झखालचा आवाज बाहेर निसटतो. एकाच सेटिंगवर एका रुग्णाला साउंड जनरेटर टोचतो आणि दुसऱ्याला ऐकूच येत नाही, ते यामुळे.

१. प्रोब ट्यूबचे टोक संदर्भ मायक्रोफोनच्या तोंडाशी धरून ट्यूब कॅलिब्रेट करा. ट्यूब दर रुग्णाला नवी.

२. रुग्णाला स्पीकरसमोर सरळ, यंत्राने सांगितलेल्या अंतरावर बसवा, बहुधा अर्धा ते एक मीटर.

३. ट्यूबवरची खूण बायकांसाठी सुमारे २८ आणि पुरुषांसाठी ३० ते ३१ मिलिमीटरवर ठेवा. ती खूण ट्रॅगसच्या खालच्या खाचेशी येईपर्यंत ट्यूब नळीच्या तळाला चिकटवून सरकवा आणि ऑटोस्कोपने बघा. टोक पडद्यापासून ५ मिलिमीटरच्या आत हवे. पडद्याला लागले तर रुग्ण दचकतो, दुखापत होत नाही, पण आधी सांगून ठेवा.

४. यंत्र न घालता उघड्या कानाचा आलेख काढा. २७०० हर्ट्झच्या आसपास नैसर्गिक उंचवटा दिसला पाहिजे. ६००० च्या आधीच आलेख उणे ५ डेसिबलखाली कोसळला तर ट्यूब बाहेर राहिली आहे. दोन-तीन मिलिमीटर आत सरकवा. हा टप्पा गाळणारे लोक नंतर उंच कंप्रतांचा खोटा तुटवडा भरून काढण्यासाठी आवाज वाढवत बसतात.

५. श्रवणयंत्र घाला, ट्यूब हललेली नाही याची खात्री करा. उघडा डोम असेल तर स्टोअर्ड इक्वलायझेशन निवडा, नाहीतर कानातून निसटणारा आवाज संदर्भ मायक्रोफोनला फसवतो आणि स्पीकर आपोआप हळू होतो.

६. बोलण्याचा प्रमाण संकेत ५५, ६५ आणि ७५ डेसिबलवर द्या. ५०० ते ४००० हर्ट्झमध्ये ऑडिओग्रामवरून काढलेल्या लक्ष्याच्या ५ डेसिबलच्या आत बसवा.

७. शेवटी ८५ किंवा ९० डेसिबलचा स्वर फिरवून कमाल आउटपुट बघा. ते आधी मोजलेल्या असह्य पातळीच्या खाली राहिलेच पाहिजे. दोन्ही आकडे पडद्यापाशीच्या दाबात बदलून मग तुलना करा. ऑडिओमीटरचे डेसिबल आणि कानातले डेसिबल एकाच पट्टीवर नसतात.

कर्णनादासाठी ५५ डेसिबलची रेषा सगळ्यात मोलाची. पंख्याची घरघर, पानांची सळसळ असे हळू आवाज परत मिळाले की मेंदूला नादाशिवाय ऐकायला काही मिळते. म्हणून कंप्रेशनचा गुडघा (ज्या पातळीपासून यंत्र आवाजाची वाढ आवरते ती) खाली घ्या, हळू आवाज दाबणारे एक्स्पान्शन कमी करा, शांत वातावरणातल्या प्रोग्रॅममध्ये नॉइज रिडक्शन सौम्य आणि मायक्रोफोन सर्व दिशांचा ठेवा. ऐकण्याच्या सोयीसाठीच्या नेहमीच्या सेटिंगच्या हे अगदी उलट आहे. गर्दीसाठी दुसरा प्रोग्रॅम द्या.

साउंड जनरेटर असेल तर यंत्राचा मायक्रोफोन बंद करून ट्यूबनेच तो मोजा. शून्यापासून हळूहळू वाढवा आणि तीन पातळ्या लिहा: आवाज पहिल्यांदा ऐकू आला ती, नादात मिसळू लागला ती आणि नाद पूर्ण झाकला गेला ती. समजा या ३१, ४४ आणि ५२ डेसिबल आल्या. तर ४० ते ४२ वर ठेवा, म्हणजे मिसळण्याच्या जरा खाली. नाद ऐकू येत राहिला पाहिजे, नाहीतर त्याची सवय होण्याला वावच उरत नाही. दिवसभर वापरायचा आवाज कानात ६५ डेसिबलच्या वर नेऊ नका. त्याशिवाय भागत नसेल तर चूक आवाजाच्या मात्रेत नसून उपचाराच्या निवडीत आहे.

नादाचा स्वर जुळवताना

स्वर जुळवणी करायची तर तीनदा करा आणि दरवेळी जुळलेल्या स्वराच्या एक सप्तक वर व एक सप्तक खालचा स्वरही ऐकवा. पुष्कळ जण सप्तकात चुकतात. तीन उत्तरे अर्ध्या सप्तकाहून जास्त पसरली तर तो आकडा फाइलमध्ये राहू द्या, त्यावर खाचेचा नॉइज किंवा गाळलेले संगीत (नादाच्या स्वराचा पट्टा काढून टाकलेले) बेतू नका. तसेही त्या पद्धतींचे पुरावे संमिश्र आहेत. साध्या निर्णयासाठी मात्र हा आकडा कामाचा. नाद ५००० वर असेल तर श्रवणयंत्राचा आवाज तिथे पोहोचतो. ९००० वर असेल तर बहुतेक यंत्रांतून तिथे भरीव काही मिळत नाही, आणि रुग्णाला तसे आधीच सांगायला हवे. नाद खालच्या पट्टीतला, घूं घूं करणारा असेल तर उघड्या डोममधला जनरेटर नुसता सूं सूं करतो. कान बंद केला तर खालचे स्वर टिकतात, पण कोंदटल्यासारखे होऊन नाद वाढल्याचा भास होतो. अशांना उशाशी ठेवायचा स्पीकर बरा.

जुळवलेला मोठेपणा बहुधा उंबरठ्याच्या वर १० डेसिबलहून कमीच येतो. "एवढासाच तर आहे" असे चुकूनही म्हणू नका. त्रासाचा आणि या आकड्याचा संबंध फार कच्चा आहे.

एक नमुना

२००० हर्ट्झपर्यंत २० डेसिबल, ३००० वर ३५, ४००० वर ५५, ६००० वर ५०. दोन्ही कान सारखे. टिंपॅनोग्राम ठीक, ओएई २५०० च्या पुढे नाहीत, नाद ५००० वर, असह्य पातळी ९५, प्रश्नावली ४४. एबीआर नको, एमआरआय नको. उघड्या डोमची दोन श्रवणयंत्रे, ३००० ते ६००० मध्ये रिअल इअरवर बसवलेली, जनरेटर पहिल्या महिन्यात बंद. झोपताना खोलीत हळू आवाज. गुण मध्यम असल्याने समुपदेशन, आणि झोप किंवा चिंता बिघडलेली असेल तर कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी पहिल्यापासूनच. त्रास कमी करण्याचा सर्वांत भक्कम पुरावा याच थेरपीचा आहे. हेच ऑडिओग्राम पण गुण ७४ असते, तर यंत्राचे आकडे तेच राहिले असते आणि थेरपीची भेट यंत्राच्या आधी लागली असती.

पुन्हा केव्हा मोजायचे

चार आठवड्यांनी यंत्रातली वापराची नोंद उघडा. दिवसाला २ तास वापर असेल तर सेटिंग बदलू नका, का घालत नाहीत ते विचारा. डोम किंवा मोल्ड बदलला तर रिअल इअर पुन्हा करा, कारण जुने आकडे त्या क्षणी बाद होतात. ओएई दर भेटीला घेण्यात अर्थ नाही. प्रोब थोडा वाकडा बसला तरी काही डेसिबल इकडेतिकडे होतात आणि रुग्ण प्रत्येक चढउतार स्वतःच्या नादाशी जोडत बसतो. गोंगाटात काम करणाऱ्यांपुरते ते वर्षातून एकदा.

फायदा झाला की नाही हे प्रश्नावलीवर ठरवा: हँडिकॅप इन्व्हेंटरीत ७ गुणांहून, टिनिटस फंक्शनल इंडेक्समध्ये १३ गुणांहून जास्त घट असेल तर ती खरी धरा. तीन महिन्यांत काहीच हलले नाही तर आवाज वाढवण्याआधी ट्यूब पुन्हा कानात घालून बघा. कितीतरी वेळा रिसीव्हरची (यंत्राच्या छोट्या स्पीकरची) जाळी मळाने बुजलेली सापडते.